हवेतले पंधरा घोडे

मंडळाच्या हळदीकुंकवाला नवीन कुणी भेटलं आणि "तुम्ही कुठे होता नोकरीला?" असं विचारलं, की मी "इंजिनांच्या खात्यात" म्हणते आणि पटकन तिळगूळ तोंडात टाकते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे नक्की काय करायचात?" खरं उत्तर असं, की मी सगळी नोकरी इंजिनात जाणारी हवा मोजण्यात घालवली. हे ऐकून समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटते ती बघवत नाही. एकीने तर विचारलं होतं, "आणि हवा मोजायचा पगार द्यायचे?" द्यायचे. वेळेवर द्यायचे. आता पेन्शनही देतात.

संस्थेचं नाव सांगत नाही. सरकारी होती, बेंगळुरात होती आणि तिथल्या कॅंटीनची इडली उत्तम होती, एवढं पुरे. काम असं: बंद खोलीत एक इंजिन बांधून ठेवलेलं, ते दिवसभर ओरडतंय, आणि काचेच्या अलीकडे मी आकडे बघत बसलेली. कान कामातून गेले, पण एक सवय लागली, मोजल्याशिवाय बोलायचं नाही. घरात या सवयीचा फार जाच होतो. "आज मीठ जास्त झालंय का गं?" असं आमच्या ह्यांनी विचारलं की मी म्हणते, "कशाच्या तुलनेत?"

निवृत्त झाल्यावर मल्लेश्वरमच्या घरात इतकी शांतता झाली की मला झोप येईना. आमचे हे शब्दकोडं सोडवतात. शब्दकोड्याला आवाज नसतो. अशात एकदा गाडी सर्व्हिसिंगला द्यायला दोन गल्ल्या सोडून असलेल्या दत्ताजीअण्णांच्या गॅरेजमध्ये गेले आणि तिथे कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, मला माझं माहेर दिसलं.

अण्णांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत कानडी असं मुरलंय की कुठलं कुठे सुरू होतं ते त्यांनाही सांगता येत नाही. माझ्या मराठीला ते "रेडिओची मराठी" म्हणतात. त्यांनी बंद पडलेल्या एका कंपनीकडून गाडीची ताकद मोजायचं यंत्र आणलं होतं आणि ते प्रत्येक वेळी वेगळा आकडा सांगतं म्हणून रागावून झाकून ठेवलं होतं. हे यंत्र म्हणजे जमिनीत पुरलेली दोन मोठी लाटणी समजा. गाडी त्यांच्यावर उभी करायची, पट्ट्यांनी करकचून बांधायची आणि जोरात पळवायची. चाकं लाटणी फिरवतात, गाडी जागची हलत नाही, आणि पडद्यावर कळतं की हिच्यात किती घोड्यांची ताकद आहे.

"अक्का, हे खोटं बोलतं," अण्णा म्हणाले.

"ते खोटं बोलत नाही, तुम्ही त्याला नीट विचारत नाही," मी म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मी तिथे जायला लागले. अण्णांनी मला बसायला खुर्ची दिली, खुर्चीवर उशी दिली, आणि मी नवीन काही सुचवलं की "बेडा अक्का, बेडा" म्हणजे "नको अक्का, नको" असं म्हणून नंतर ते करायचं, अशी आमची पद्धत पडली.

आता धंद्याबद्दल थोडं. इंजिन हा एक भाता आहे. जितकी हवा आत घेईल तितकं पेट्रोल जाळेल, आणि जितकं जाळेल तितका जोर. मग हवा जास्त आत ढकलली की जोर वाढणार, हे कुणालाही सुचतं, आणि इंटरनेटवर ते सगळ्यांना एकदमच सुचलंय. म्हणून लोक कंपनीने दिलेला हवेचा काळा डबा काढून टाकतात आणि तिथे शंकूच्या आकाराचा लाल, निळा, चमचमता फिल्टर लावतात. गंमत अशी, की ज्यांनी तो काळा डबा बनवला तेही माझ्यासारखेच कुठल्या तरी खोलीत वर्षानुवर्षं बसलेले असतात. साध्या गाडीला लागते तितकी हवा त्या डब्यातून आरामात जाते. शिवाय त्याची नळी पुढच्या जाळीपाशी, थंड हवेत उघडते. शंकू बसतो इंजिनाच्या शेजारी आणि पितो गरम हवा, आणि गरम हवा पातळ असते. म्हणजे मिळवलं काय, तर आवाज. तो डबा इंजिनाचा घसाही दाबून धरतो. डबा काढला की इंजिन डरकाळी फोडतं, डरकाळी ऐकून माणसाचा पाय आपोआप खाली जातो, आणि माणूस शपथेवर सांगतो की गाडी उडते.

हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावते. प्रत्येक गिऱ्हाईक मान डोलावतं आणि म्हणतं, "पण माझ्या गाडीत खरंच फरक पडलाय."

इंदिरानगरचे एक गृहस्थ पत्र्याचं फूल घेऊन आले होते. ते नळीत बसवलं की हवा गोल फिरत आत जाते म्हणे. मोजलं. फरक शून्य. "पुन्हा मोजा," ते म्हणाले. पुन्हा शून्य. मग त्यांनी फूल उलटं बसवायला सांगितलं. तेव्हा दोन घोडे कमी झाले. त्यावर ते इतके खूश झाले की विचारू नका. "बघा, म्हणजे त्याचा परिणाम आहे," असं म्हणत ते फूल पुन्हा सुलटं लावून घेऊन गेले.

दुसऱ्या एकाचं डोकं खरंच चाललं होतं. थंड हवा हवी म्हणून त्याने नळी पार बंपरच्या खाली नेली होती. मोजलं तर चक्क तीन घोडे वाढलेले. मी त्याचं मनापासून अभिनंदन केलं. पावसाळ्यात सर्जापूर रोडला पाणी साचलं आणि त्या नळीने हवेऐवजी तेच ओढलं. गाडी ट्रकवर बसून परत आली. अण्णांनी इंजिन उघडलं, आत बघितलं आणि टोपी काढून उभे राहिले.

पण मला सांगायचंय ते निखिल आणि केतकीबद्दल.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी दोघं आले. मूळचे नाशिकचे, राहणार सर्जापूर रोडवरच्या एका अवाढव्य सोसायटीत, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. गाडी माझ्याच मॉडेलची. त्यांची लाल, माझी पांढरी आणि जरा थकलेली. निखिलने डिकीतून गाडीचा मूळ काळा डबा काढून बाजूला ठेवला, मग बॉनेट उघडून बाळंतिणीने बाळ दाखवावं तसं मला आतलं दाखवलं. शंकू होता, पण त्याला जोडलेला पाइप स्वतः वळवलेला, इतका सफाईदार की मी चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"हा कुठे वळवला?"

"माझ्या ओव्हनमध्ये, काकू," केतकी म्हणाली. "अजून केकला प्लास्टिकचा वास येतो."

निखिल थांबायला तयार नव्हता. "ॲक्च्युअली काकू, दिवाळीपासून गाडीत दमच नव्हता. फ्लायओव्हर चढताना एकदम डल. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. मग मी रिसर्च केला, हे किट डिझाइन केलं, आणि काय सांगू, डिफरन्स इतका की सोसायटीतल्या तिघांनी बसवून घेतलं. तिघंही म्हणतात गाडी उडते."

"आवाज वाढला असेल."

"हो, आवाज तर कमाल येतो."

मी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी छताकडे.

निखिल आणि अण्णा मूळ डबा परत बसवायला लागले तशी केतकी माझ्याजवळ आली. "काकू, त्याने राजीनामा लिहून ठेवलाय. फोनमध्ये आहे, फक्त पाठवायचाय. हे किट बनवायचा धंदा काढायचा म्हणतो."

"आणि तुला काय वाटतं?"

तिने त्याच्याकडे बघितलं. तो गाडीत कंबरेपर्यंत शिरला होता आणि गुणगुणत होता. "ऑफिसात तो नुसता वाळत चाललाय. या तीन महिन्यांत पहिल्यांदा मला लग्नातला निखिल दिसला. किट खरं असेल तर सोडू दे नोकरी, मी आहे ना कमवायला. पण खरं असेल तरच. तुम्ही जो आकडा सांगाल तो आम्ही धरणार."

आयुष्यभर माझे आकडे फायलीत गेले. कुणाच्या संसारात जायची ही पहिलीच वेळ होती.

म्हणून मी अगदी शास्त्राप्रमाणे करायचं ठरवलं. आधी मूळ डबा, मग किट, मग पुन्हा डबा, मग पुन्हा किट. इंजिनाचं तापमान सारखं, टायरमधली हवा सारखी. अण्णांनी डबा उघडून आतला फिल्टरही बघितला. स्वच्छ होता. झेंडूच्या दोन वाळक्या पाकळ्या निघाल्या, त्या त्यांनी फुंकून टाकल्या. बेंगळुरात दसऱ्यानंतर प्रत्येक गाडीत कुठे ना कुठे फुलं सापडतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

डब्यावर पहिली फेरी झाली. आकडा जरा कमीच वाटला, पण प्रत्येक गाडीची तब्येत वेगळी असते. मग किट बसवलं. अण्णांनी गाडी पळवली, गॅरेजभर डरकाळी घुमली, शेजारच्या कॉफीवाल्याने डोकं आत घातलं, आणि पडद्यावरची रेघ चढत गेली. ती थांबेच ना. पंधरा घोडे जास्त.

"यंत्र तपासा," मी म्हटलं. तपासलं. ठीक होतं. पुन्हा डबा बसवला, पंधरा घोडे गेले. पुन्हा किट बसवलं, पंधरा घोडे परत आले.

त्यानंतर गॅरेजात जे झालं ते मी घरी पूर्ण सांगितलेलं नाही. निखिलने केतकीला उचललं. अण्णा बॉनेटवर पाना वाजवत "नोडी अक्का, नोडी, बघा तरी" म्हणत गोल फिरायला लागले. कॉफीवाला कशासाठी ते न विचारताच टाळ्या वाजवत होता. आणि मी, गुडघ्याला पट्टा बांधलेली, साठी उलटलेली बाई, यंत्राच्या शेजारी फुगडीचे दोन फेर धरले, तेही एकटीने. सगळी हयात "नाही, काही फरक पडत नाही" असं सांगण्यात गेलेल्या माणसाला एकदा "हो" म्हणायला मिळालं तर काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी इतकी आनंदात होते की आपण आजवर शिकलेलं सगळं चुकीचं ठरतंय याचंही मला काही वाटत नव्हतं.

निखिलने फोन काढला. "पाठवू?" त्याने केतकीला विचारलं.

केतकीने माझ्याकडे बघितलं. "काकू, पक्कं ना?"

"कॉफीचा एक घोट घेते आणि सांगते," मी म्हटलं, कारण घसा कोरडा पडला होता. माझा ग्लास मागच्या टेबलावर होता. तिथेच तो काढून ठेवलेला काळा डबा होता, त्याची नळी भिंतीकडे तोंड करून. या नळीला अण्णा सोंड म्हणतात. ग्लास उचलताना मला सोंडेच्या तोंडातून लोंबणारा एक दोरा दिसला. साधा पांढरा, फुलवाले वापरतात तसला.

मला सगळं त्याच क्षणी समजलं. मागे हसण्याचा आवाज येत होता, कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि माझ्या मनात आलं की दोरा आत ढकलावा. अगदी स्पष्ट आलं. आकडे खोटे नव्हते, चार वेळा मोजले होते. पण मग केतकी आठवली, "पण खरं असेल तरच" म्हणणारी.

"निखिल, अजून पाठवू नकोस," मी म्हटलं आणि दोरा ओढला.

पहिल्यांदा एक झेंडू आला. मग दुसरा. मग आंब्याचं पान, मग पुन्हा झेंडू, मग शेवंती, मग चंदेरी झिरमिळी. मी ओढत होते आणि हार येत होता. जादूगाराच्या तोंडातून रुमाल निघावेत तसा येतच होता. शेवटी गाठ आली आणि गोंडा. फरशीवर हातभर लांबीचा अख्खा हार पडला होता, वाळलेला, पण एक फूल न तुटलेला.

निखिलने आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अरे हो, मीच ठेवला," नाशिकहून आवाज आला. "मी दसऱ्याला आले होते नाही का तुमच्याकडे? आयुधपूजेला तुमच्या सोसायटीवाल्यांनी एक हार घातला. दुसऱ्या दिवशी आपला दसऱ्याचा घातला. मग आधीचा टाकणार कुठे? पूजेचा हार, कुणाच्या पायाखाली यायला नको. तू पाणी भरत होतास, बॉनेट उघडं होतं, आणि पुढेच बरोबर हाराएवढं भोक होतं. मला वाटलं इकडच्या गाड्यांना त्यासाठीच ठेवत असतील." मग जरा थांबून, काळजीने, "का रे, पडला का?"

"नाही आई," निखिल म्हणाला. "घट्ट होता."

तर हे असं. आमचं माप चुकलं नव्हतं. फक्त आम्ही किट नाही, हार मोजत होतो. दसऱ्यापासूनच गाडीचा दम गेला होता तो यानेच, निखिलच्या लक्षात आलं दिवाळीला, आणि किट बसवताना डबा सोंडेसकट निघाला, म्हणून जीव परत आला. नाशिकच्या घरचा दसरा आणि बेंगळुरातली आयुधपूजा, दोन्ही नेमाने करणाऱ्या घरातच हे होऊ शकतं. एकच हार असता तर सोंड मोकळी राहिली असती.

मी सोंड साफ केली आणि आम्ही डब्यावर पुन्हा मोजलं, खरं तर गरज नव्हती. पंधराही घोडे आले. वर अर्धा घोडा किटपेक्षा जास्तच आला, थंड हवेचा. तो अर्धा घोडा मला अजिबात नको होता.

केतकीने पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडावर धरली, पण तिला हसू आवरेना, आणि अण्णा तर खांबाला धरून हसत होते. निखिल मात्र जुन्या टायरवर बसला. त्याने फोन बघितला आणि राजीनामा पुसून टाकला. मला त्याच्याकडे बघवेना. मला खूप वाईट वाटलं, सरळ सांगायचं तर रडू आलं. बरोबर आकडा सांगितल्याचं दुःख त्याआधी मला कधी झालं नव्हतं.

"पाइप छान वळवतोस रे तू," अण्णा डोळे पुसत म्हणाले. "सरी, बरं, शनिवारी येत जा हिकडं. ओव्हन सोड त्या पोरीचा." पुढे तो खरंच येऊ लागला, आणि केक सुधारला, असं केतकी सांगते. पण त्या वेळी त्याने नुसती मान हलवली.

"हे किट काढून देतो, काकू," तो उठत म्हणाला. "कचऱ्यात टाका."

आणि मी, काय सांगू, मला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "माझ्या गाडीला बसव."

"काकू, काही फायदा नाहीये त्याचा."

"माहीत आहे. मीच मोजलंय."

"बेडा अक्का, बेडा," असं म्हणत अण्णांनी माझ्या गाडीचं बॉनेट उघडलंसुद्धा. मॉडेल तेच, त्यामुळे पाइप जसाच्या तसा बसला. मी आत बसले, किल्ली फिरवली, आणि माझ्या त्या पांढऱ्या, सभ्य, भाजी आणायच्या गाडीने अशी डरकाळी फोडली की कॉफीवाल्याच्या हातातला ग्लास हिंदकळला. निवृत्त झाल्यापासून जो आवाज माझ्या घरात नव्हता तो माझ्या पायाखाली होता. मी गेट ओलांडलं, गल्लीत वळले, पुढच्या चढावर पाय जरा जास्तच खाली गेला, आणि देवळातून बाहेर पडणारे दोन आजोबा चप्पल घालायचे थांबले. मी खिडकीतून हात केला.

परत आले तेव्हा निखिल गेटपाशी पोट धरून हसत होता. लग्नातला निखिल असाच दिसत असणार, असं मला केतकीच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"काकू," त्याने दार उघडत विचारलं, "पडला काही फरक?"

"खूप पडला," मी म्हटलं.

अण्णांनी मिश्कीलपणे लाटण्यांकडे बोट दाखवलं. "अक्का, मोजूया?"

"बेडा, अण्णा," मी म्हटलं आणि पुन्हा एक चक्कर मारून आले.